बेचाळीस झाकणं

४ मार्च

धाकट्या,

ताईचा फोन आला होता. म्हणजे तुझाच आला म्हणायचा, फक्त आवाज तिचा. स्वतः बोलायची छाती नाही म्हणून बहिणीला पुढे करायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. काच तू फोडायचास आणि रडत ती यायची.

तर निरोप पोचला. एका कोरीवकामाच्या कारखान्यात तुझं जमतंय म्हणे, पण तिथल्या मालकाला आधीच्या ठिकाणचं पत्र हवंय. सहा वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, मग निघालास का, हे त्याला माझ्या सहीनं वाचायचंय. महिनाअखेरपर्यंत पत्र गेलं नाही तर ती जागा दुसऱ्याला. ताई म्हणाली, "एक ओळ लिहून दे ना रे दादा. काम चांगलं होतं, एवढंच. दोन वर्षं तो गोदामात खोक्यांवर चिकटपट्ट्या लावतोय."

चिकटपट्टी लावायलाही सरळ हात लागतो. ते तुला जमतंय हे ऐकून बरं वाटलं.

फोन तू उचलत नाहीस आणि अंगठ्यानं मेसेज लिहिणं याला मी लिहिणं म्हणत नाही, म्हणून हे पत्र. एक ओळ लिहायची तर कोणती लिहू ते सांग. सुतारानं सात महिने खपून केलेले अक्रोडाचे बेचाळीस डबे. एक खिळा नाही, झाकणं सगळी एकाच फळीतली, लाकडाच्या रेषा एकातून दुसऱ्यात गेलेल्या. एका संस्थेच्या बेचाळीस जुन्या नोकरांना द्यायचे होते. आपल्याला काय करायचं होतं? झाकणावर लेझरनं नाव कोरायचं. फक्त नाव! मी दिवसभर बाहेर होतो आणि तू ते काम केलंस. परत येऊन बघतो तर अक्षरं फुगलेली, कडा पसरलेल्या, पाण्यात पडलेल्या कागदावरच्या शाईसारख्या. एक नाही, दोन नाही, बेचाळीसच्या बेचाळीस.

मी त्याच संध्याकाळी तुला दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बसलो. तेच मशीन, तेच सेटिंग, त्याच फळीचा उरलेला तुकडा, आणि रेघ आली केसासारखी. मशीन निर्दोष, सेटिंग निर्दोष. मग उरलं कोण? धंद्यातल्या माणसांनी मला विचारलं आणि मी त्यांना हेच सांगितलं. त्यानंतर तुला कुणी मशीनजवळ उभं केलं नाही, यात माझा दोष नाही. त्यांनी विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं.

पण उद्या कुणी म्हणायला नको की मोठ्यानं आकस धरला. म्हणून असं करतो. त्या दिवशी तू काय केलंस ते मी पुन्हा करून बघतो. कोणता आकडा फिरवलास, किती फिरवलास, नेमकं शोधून काढतो. एक बिघडलेलं झाकण मी ठेवून घेतलं होतं. त्याच्याशी तंतोतंत जुळेल अशी बिघडलेली रेघ आली की झालं. मग त्या मालकाला पत्र लिहीन, आकड्यांसकट. त्याला कळू दे तो काय पदरात घेतोय.

तुला नाकारता येईल असं एकही वाक्य त्यात नसेल.

तुझा मोठा भाऊ


९ मार्च

धाकट्या,

काम सुरू केलं. सुताराकडून मी तेव्हाच अक्रोडाच्या फळीचे तुकडे मागून घेतले होते, ते बाहेर काढले. लाकूड तेच हवं. ज्याला हे कळत नाही त्यानं या धंद्यात पडू नये, पण निम्मा धंदा अशाच लोकांनी भरलाय. परवा त्या कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात गेलो होतो. मशीनबरोबर कंपनीनं दिलेला कागद भिंतीवर चिकटवलाय: अक्रोड, पॉवर पस्तीस, स्पीड तीनशे. जणू जगातली सगळी अक्रोडाची झाडं एका आईच्या पोटची! मी विचारलं, "तुमची नळी किती जुनी?" तो म्हणाला, "कसली नळी?" ज्या नळीतून किरण निघतो ती नळी, बाबा. ती म्हातारी होते, तिची ताकद उतरते, पस्तीसचे तीस होतात. त्याला वाटलं मी पाण्याच्या नळाबद्दल बोलतोय.

मला कुणी शिकवलं नाही हे तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी मी दोनशे चौदा चाचणीच्या पाट्या केल्या. प्रत्येकीवर तारीख, लाकडाची जात, हवा कोरडी की दमट. त्या अजून भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या आहेत. तुझी वहिनी त्यांना माझे पूर्वज म्हणते.

तर आडवी पॉवर घेतली, दहापासून ऐंशीपर्यंत, दहादहाच्या टप्प्यानं. उभा स्पीड, शंभरपासून सहाशेपर्यंत. आठ गुणिले सहा, अठ्ठेचाळीस चौकोन, प्रत्येकात तेच एक अक्षर. माझा अंदाज होता की तू पॉवर चढवलीस. घाईच्या माणसाला वाटतं की जोर लावला की काम होतं. पण नाही. पॉवर चढवली की अक्षर खोल जातं, काळं पडतं, तळाशी कोळसा होतो. कडा मात्र सुरीनं कापल्यासारखी राहते. स्पीड उतरवला तर खोलीभर जळका वास सुटतो, वहिनी खोकत खिडक्या उघडते, पण कडा तशीच. दोन ओळींमधलं अंतर वाढवून पाहिलं, तर अक्षरावर कंगवा फिरवल्यासारखं दिसलं. कमी केलं तर लाकूड करपलं.

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली अठ्ठेचाळीसही चौकोन तपासले. एकातही ती फुगलेली कडा नाही. धन्य आहे तुझी. चूकसुद्धा अशी केलीस की दोन आकड्यांत पकडता येऊ नये.

शोधतो. घाई मला नाही, तुला आहे.

तुझा मोठा भाऊ


१४ मार्च

सापडलास.

फोकस! माझ्या डोक्यात आधीच यायला हवं होतं, पण इतकी बाळबोध चूक सहा वर्षं मशीनवर बसलेला माणूस करेल असं वाटलं नव्हतं. ठोकळा! लेन्सपासून लाकूड किती अंतरावर हवं ते मोजायला मी अॅल्युमिनियमचा ठोकळा कापून दिला होता. तो लेन्सच्या नळकांड्याखाली ठेवायचा, टेबल वर घ्यायचं, टेकलं की थांबायचं. शाळेतल्या पोरालाही जमावं. तू तो लावला नाहीस. लावलास असशील तर पहिल्या झाकणाला, आणि मग वाटलं असेल, आता काय, सगळे डबे सारखेच.

कसं शोधलं ते ऐक, शिकण्यासारखं आहे. एक हातभर पट्टी घेतली, तिचं एक टोक उचलून तिरकी ठेवली आणि तिच्यावरून एकच सरळ रेघ ओढली. उतारामुळे लाकूड कुठे लेन्सच्या जवळ, कुठे दूर. त्यामुळे रेघ एका टोकाला जाड, मधे बारीक, पुढे पुन्हा जाड. सगळ्यात बारीक जागा म्हणजे खरा फोकस. तिथे रेघेची रुंदी पंधरा शतांश मिलिमीटर. तुझ्या झाकणावरची रेघ बेचाळीस शतांश. पट्टीवर बेचाळीस कुठे येतात ते मोजलं. फोकसच्या चार मिलिमीटर खाली.

म्हणजे तू चार मिलिमीटरनं चुकलास. चार! डोळे मिटून टेबल लावलं असतं तरी यापेक्षा जवळ आलं असतं.

पत्राचा मसुदा आजच करतो. "सदर इसम फोकस न लावता काम करतो." तुझ्या होणाऱ्या मालकाला एवढं पुरेल.

मोठा भाऊ


१७ मार्च

धाकट्या,

मसुदा पाठवलेला नाही. खूश होऊ नकोस.

झालं असं की पाठवण्याआधी मी चार मिलिमीटरवाली रेघ आणि तुझं झाकण भिंगाखाली शेजारीशेजारी धरलं. नुसती रुंदी मोजून मी कधी निकाल देत नाही, सवय आहे. रुंदी जुळते. रेघ जुळत नाही. फोकस हुकला की रेघ सगळीकडे सारखी मऊ होते, पोटापासून कडेपर्यंत एकच फिका तपकिरी रंग. तुझ्या झाकणावर तसं नाही. मधे बारीक काळी रेघ आहे, जवळजवळ बरोबर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना फिकट सावली. रेघ आहे आणि रेघेला सावलीही आहे. टेबल वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनं सोळा वेळा. सावली येत नाही.

तुझी वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "परवा तर नाचत होतात, जुळलं जुळलं म्हणून. मग पाठवा की."

"रुंदी जुळली. रेघ नाही जुळली."

"आपल्या लग्नासारखं झालं म्हणायचं," ती म्हणाली. "उंची तेवढी जुळली."

मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, "मला एवढं कळतं की तुम्हाला हवं ते सापडलं आणि तरी तुम्ही शोधताय. भाऊजींनी केलं असतं तर एव्हाना सापडून संपलं असतं." मग आत जाऊन पातेली आपटली.

आजच्याच टपालानं तुझं उत्तर आलं. दोन वर्षांत पहिलं अक्षर, आणि तेही पावतीमागे लिहिल्यासारखं: "दादा, ठोकळा लावला होता. दर झाकणाला लावला. मी तुला फोनही केला होता." बस्स. खाली सहीसुद्धा नाही. तुझी अक्षरं अजून उजवीकडे कलतात.

केला होतास फोन. मी नाकारत नाही. मी त्या दिवशी व्यावसायिकांच्या मेळाव्यात होतो, व्याख्यान होतं माझं, आणि व्याख्यानाआधी पाच मिनिटं तुझा फोन. वहीप्रमाणे चालव, असं मी सांगितलं. वहीतलं सेटिंग बरोबर होतं, ते मी कालही तपासलं. तेव्हा यात माझं काय चुकलं? बाकी काय बोलणं झालं ते आता शब्दाला शब्द कुणाला आठवतं.

ठोकळा लावला होतास असं मी तात्पुरतं धरून चालतो. तुझ्या शब्दावर नाही, सावलीवर. ती ठोकळ्यानं येत नाही.

मग राहतं काय? मळ. धुरानं किरण वळवणारे आरसे काळे होतात, लेन्स मळते. दुपारपर्यंत तू मशीन धुरात बुडवून ठेवलं असशील. आता ते बघतो.

मोठा भाऊ


२२ मार्च

धाकट्या,

इकडे थंडी ओसरली. तुझ्या वहिनीची कंबर आता बरी आहे. रबरी शिक्क्यांचं काम खूप आलंय, माणसं इतकी आळशी झालीत की सहीचाही शिक्का मागतात. समोरच्या वकिलानं पाटी करायला दिली आणि चार वेळा अक्षराचं वळण बदललं. शेवटी त्यानं निवडलं ते लग्नाच्या निमंत्रणावर शोभेल असं. अशील येतील आणि आहेर ठेवून जातील.

हे सगळं मी का लिहितोय ते मला माहीत आहे.

काल आरसे तपासले, स्वच्छ होते. मग लेन्स काढली. मुद्दाम तिच्यावर मेणबत्तीचा धूर धरला, बसवली, रेघ ओढली. फिकी आली, मेल्यासारखी, पण सावली नाही. म्हणजे मळही नाही. पुन्हा काढली, स्पिरिटनं पुसली, मऊ कागदावर ठेवली. तेवढ्यात वहिनीनं हाक मारली, "वकीलसाहेब आलेत, पाचवं वळण घेऊन!" मी लेन्स उचलली, नळकांड्यातल्या तिच्या खाचेत टाकली, वरची कडी पिळली, त्या माणसाला वाटेला लावला, परत आलो आणि सहज एक रेघ ओढली.

भिंगाखाली धरली. मधे बारीक काळी, दोन्ही बाजूंना सावली.

मी झाकण शेजारी धरलं. मग रुंदी मोजली, बेचाळीस. पुन्हा मोजली.

लेन्स काढून खिडकीपाशी नेली. ती नाण्याएवढी असते, पिवळसर, एक अंग सपाट, एक जरासं फुगीर. नुसत्या बोटाला कळत नाही. खिडकीचं प्रतिबिंब बघावं लागतं: सपाट अंगात खिडकी आहे तशी दिसते, फुगीर अंगात लहान आणि वाकडी. फुगीर अंग वर हवं, किरणाकडे तोंड करून. मी ती सपाट अंग वर करून बसवली होती. उलटी.

उलटी ठेवली की सावली. सुलटी ठेवली की केसासारखी. अकरा वेळा फिरवून बघितलं. अकराही वेळा तेच.

आता पुढचं मी लिहिलं नाही तरी तुला कळलंच आहे, कारण मशीनच्या झाकणावरची ती पाटी तू रोज वाचायचास. माझ्याच हातची, काळ्यावर पांढरी: लेन्सला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सहा वर्षांत तू कधी लावला नाहीस. एकदा फक्त जवळून बघू का म्हणालास, तर मी म्हणालो होतो, लांबून बघ, तुझा घाम टपकेल.

वही काढली. त्या दिवसाचं पान माझ्याच अक्षरात. सहा वाजून चाळीस, लेन्स पुसली. मला आठवतं, नवा कोट घातला होता, गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता, आणि बाह्यांना स्पिरिट लागू नये म्हणून मी हात लांब धरून काम करत होतो. पुढचं पान, दुसरी सकाळ. सात वाजून पाच, लेन्स पुसली. अक्रोड, रेघ उत्तम.

त्या उत्तम रेघेचा दाखला मी दोन वर्षं देतोय. गावभर, धंदाभर, ताईला, तुला. त्या सकाळी मी काहीच सिद्ध केलं नव्हतं. आदल्या सकाळचा गाढवपणा, पुसता पुसता, नकळत सरळ केला होता, एवढंच. लेन्स कुठल्या अंगावर पडली यावर माझा सगळा न्याय उभा होता. हे मला, दोनशे चौदा पाट्या टांगणाऱ्याला, दोन वर्षं कळलं नाही. कोपऱ्यावरच्या त्या पोराला नळी माहीत नाही म्हणून मी हसलो. तो निदान कुणाला घराबाहेर काढत नाही.

आणि व्याख्यानाचा विषय काय होता माहीत आहे? "अचूकतेच्या सवयी". टाळ्या पडल्या होत्या.

आज सकाळी सुताराकडे गेलो. सांगितलं, डबे माझ्यामुळे बिघडले. तो रंधा मारत होता, मारतच राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षं मी तुमच्या भावाला शिव्या घालतोय. बाजारात दिसला होता एकदा, मला नमस्कार केला त्यानं, मी तोंड फिरवलं. आता त्या शिव्यांचं काय करू मी?"

मी म्हणालो, "मला घाला."

"तुम्हाला वेगळ्या घालाव्या लागतील," तो म्हणाला. "त्या होत्या काम बिघडवणाऱ्याच्या." आणि मग त्यानं घातल्या. वेगळ्याच होत्या. त्याच्या हाताखालची माणसं हातातलं काम ठेवून ऐकत होती. माणूस फार बारकाईनं काम करतो, कुठल्याच बाबतीत काही सोडत नाही.

मालकाचं पत्र उद्या जाईल.

दादा


२५ मार्च

धाकट्या,

पत्र गेलं. नक्कल सोबत आहे. ते एका बैठकीत झालं असं समजू नकोस, चार मसुदे झाले.

पहिल्यात मी लिहिलं होतं, "तांत्रिक कारणामुळे". वहिनीनं वाचलं आणि विचारलं, "कोण हे तांत्रिक कारण? आपल्याकडे कधी जेवायला आलेत का?"

दुसऱ्यात लिहिलं, "अन्य व्यक्तीच्या हातून". ती म्हणाली, "शेजारीण का?"

तिसऱ्यात लेन्सचे प्रकार, फुगीर अंग, सपाट अंग, किरणाचं वागणं, आकृतीसहित दोन पानं. माझं नाव दुसऱ्या पानाच्या तळाशी. तिनं ते पान उलटलंच नाही. म्हणाली, "तो मालक माझ्याइतकाच शहाणा असेल तर त्यालाही पहिल्या पानावर झोप येईल. तुम्हाला तेच हवंय का?"

चौथं हे:

"महोदय, माझा धाकटा भाऊ माझ्याकडे सहा वर्षं होता. मी त्याला बेचाळीस झाकणं बिघडवल्याचा ठपका ठेवून काढलं. झाकणं त्यानं बिघडवली नव्हती. त्या सकाळी मी लेन्स उलटी बसवली होती. लेन्सला हात लावायची त्याला मनाई होती, आणि ती मनाई मीच केली होती. तो फोकस दर वेळी ठोकळा लावून घेतो, त्याची रेघ सरळ असते. चाचणीची पट्टी सोबत जोडली आहे. डावीकडची रेघ सुलट्या लेन्सची, उजवीकडची उलट्या. भिंगाखाली पाहावी. गेली दोन वर्षं मी धंद्यात त्याच्याबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं. ते ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना मी वेगळं कळवत आहे."

वेगळं कळवत आहे, म्हणजे यादी केली. तेहेतीस माणसं निघाली. तुझी बदनामी मी किती मन लावून केली होती ते यादी केल्यावर कळलं. आतापर्यंत एकोणीस जणांना फोन झाले. सात जणांनी विचारलं, "कोण भाऊ?" त्यांच्यापैकी दोघांकडे तू काम मागायला गेला होतास, असं ताई सांगते. नाव विसरले, नाही म्हणाल्याचं विसरले. माझं वाक्य मात्र एकाला तोंडपाठ होतं.

महिनाअखेरीला अजून सहा दिवस आहेत. पट्टीवर उजवी-डावीची खूण केली आहे, तरी त्या मालकाला सांग की उलटी धरू नये.

दादा


२९ मार्च

धाकट्या,

त्याचं उत्तर आलं. माणूस कमी बोलतो. लिहितो: "लेन्सचं समजलं. माझ्या कारखान्यातही एकदा झालंय. पण पहिलंच झाकण बिघडलेलं त्याला दिसलं असेल. मग पुढची एक्केचाळीस तो का कोरत राहिला? ज्याला बिघडलेलं दिसत नाही, किंवा दिसूनही जो मशीन चालू ठेवतो, असा माणूस मला चालणार नाही. खुलासा व्हावा. महिनाअखेरपर्यंत थांबतो."

मला आधी राग आला. एवढं सगळं कबूल केल्यावर आणखी काय हवंय याला? मग राग ओसरला, कारण प्रश्न बरोबर आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही हाच विचारला असता. आणि तो मी तुला कधीच विचारला नाही. उत्तर मला माहीत होतं म्हणून विचारला नाही.

तो फोन मला शब्दाला शब्द आठवतो. सतरा तारखेला खोटं लिहिलं. तुझ्या वहिनीलाही मी ते कधी सांगितलेलं नव्हतं. आज तिला माझं उत्तर वाचायला दिलं. तिनं वाचलं, घडी केली, पाकिटात घातलं आणि पाकीट स्वतः टपालात टाकून आली. माझ्या हातात दिलं नाही. आल्यापासून पातेलीसुद्धा आपटली नाहीत.

नक्कल ही:

"महोदय, आपण विचारलंत त्याचा खुलासा.

पहिलं झाकण उतरल्यावर त्यानं मशीन बंद करून मला फोन केला. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी एका मेळाव्यात व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी उभा होतो, शेजारी धंद्यातली चार माणसं होती. तो म्हणाला, 'दादा, अक्षराच्या कडेला सावली पडतेय. ठोकळा लावून बघितला, तरी पडतेय. थांबवू का?' सावली हाच शब्द त्यानं वापरला होता. मला ती दिसायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि चौदा दिवस लागले. त्याला ती नुसत्या डोळ्यांनी पहिल्याच झाकणावर दिसली.

मी म्हणालो, 'तुझ्या डोळ्यांवर मी धंदा चालवत नाही. वहीत आहे तसं चालव, आणि परत फोन करू नकोस.' शेजारी माणसं होती म्हणून मोठ्यानं म्हणालो. ती हसली. मी फोन ठेवायच्या आधी हसली, तेव्हा त्यालाही ऐकू गेलं असणार.

त्यानंतर त्यानं एक्केचाळीस झाकणं कोरली. बिघडतायत हे दिसत असताना कोरली. संध्याकाळी मी त्याला विचारलं की तुझे डोळे फुटले होते का, आणि तो काही बोलला नाही. सहा वर्षांत त्याला माझ्याकडून जे शिकायला मिळालं ते हे की दादाला दिसत नसेल तर ते नसतंच.

बिघडलेलं त्याला दिसलं होतं. चालू मी ठेवायला लावलं.

आपल्याकडे तो कधी ना कधी 'थांबवू का' असं विचारेल. हळू विचारेल, एकदाच विचारेल. तेव्हा आधी मशीन थांबवा. कारण मागाहून विचारा."